नाचणीची गोडी आणि केतकीची पेटी

दोन पेले होते. दोन्हींत नाचणीचीच पेज होती. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ एकाच डब्यातलं, पाणी एकाच नळाचं, पातेलंही एकच. साखर किंवा गूळ कशातच घातला नव्हता. तरीही पहिल्या पेल्यातली पेज गोड होती, आणि दुसऱ्यातली अशी बेचव की भिंतीला पोस्टर चिकटवायला वापरावी.

केतकी देसाईनं दुसऱ्या पेल्यातला घोट कसाबसा गिळला आणि तोंड वाकडं केलं. पहिला पेला रविवारी तिच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, हातानं ढवळून केला होता आणि फ्रीजमध्ये जपून ठेवला होता. दुसरा आज, बुधवारी, तिनं स्वतः तयार केलेल्या यंत्रावर झाला होता. दोन्ही वेळा तापमापकानं पासष्ट अंशच दाखवले होते!

"आबा, मी हरले," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

डोळ्यांत पाणी येण्यासारखंच कारण होतं. सन २०६१ चाललं होतं. केतकीची आई, स्वराताई, आजऱ्याची ही नाचणी घेऊन चंद्रावर गेली होती. तिथल्या वसाहतीतल्या काचघरात तिनं चंद्राच्या मातीत नाचणीचं पहिलं पीक काढलं होतं. पीक झकास आलं, पण आई खंगली. पाकिटातलं तेच ते जेवण खाऊन सगळ्यांच्या तोंडाची चव गेली होती आणि आईचं वजन तर नऊ किलोंनी उतरलं होतं. असंच चाललं तर काम अर्धवट टाकून तिला परत पाठवावं लागेल, असं वसाहतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आईला हवी होती घरची गोड पेज. पण चंद्रावर साखरेची पोती कोण नेणार? चंद्रावर सामान पाठवणारं रसदकेंद्र म्हणालं, आपोआप पेज करणारी चार किलोंची एक पेटी नेऊ. मात्र शुक्रवारी आमच्या परीक्षकांसमोर तिनं दीड तास, कुणाचा हात न लागता, गोड पेज करून दाखवली पाहिजे.

आणि आज बुधवार होता.

"हरलीस म्हंजे काय गं?" आबा म्हणाले. आबांची उभी हयात उपग्रहांना ऊब देणारे हीटर बनवण्यात गेली होती. "पेज गोड हुतीच कशी, ते तरी ठावं हाय काय तुला?"

"आहे की. नाचणीला मोड आले की दाण्यात विकर (एखादी रासायनिक क्रिया झपाट्यानं घडवून आणणारे पदार्थ) तयार होतात. पिठातलं पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक माळ. नुसती माळ जिभेला गोड लागत नाही. विकर ती माळ कातरतात, साखर मोकळी होते आणि पेज गोड लागते."

"मग पासष्टच कशाला? उकळ की सरळ!"

"उकळलं तर विकर बिघडतात ना! पंचाहत्तरच्या वर ते कामातून जातात. आणि फार थंड असलं तर माळ सैल होत नाही, मग विकर कातरणार काय?"

"शाबास. आता पेटी उघड, एकेक तार बघू."

केतकी पेटीकडे वळली, तोच कोपऱ्यातून आवाज आला, "थांबा! मुख्य बटण बंद करा. किल्ली काढा. गळ्यात अडकवा."

हा घरातला रोबो. वीजसुरक्षेचे सगळे नियम त्याला तोंडपाठ होते आणि ते तो ऊठसूट ऐकवायचा, म्हणून केतकीनं त्याचं नाव फौजदार ठेवलं होतं. किल्ली गळ्यात गेल्याशिवाय तो पेटीचं दार उघडू देत नसे. किल्ली आपल्याच गळ्यात असली, की आपला हात आत असताना दुसरं कुणी वीज चालू करू शकत नाही. केतकी त्याच्यावर कितीही वैतागली तरी हा नियम तिला मनातून पटला होता.

तिनं किल्ली गळ्यात घातली. फौजदारानं टेस्टर लावून वीज खरंच गेल्याची खात्री केली, आणि मगच आबांनी दार उघडलं.

हिरवी तार पातेल्याला घट्ट बसलेली होती. ही अर्थिंगची तार. चुकून वीज पातेल्यात उतरलीच तर तिला जमिनीकडे जायला वाट मिळते, आणि मुख्य बटणाशेजारचा सुरक्षा स्विच क्षणात वीज तोडतो. हीटरच्या तारा जाड होत्या, कारण त्यांतून तेरा अँपिअरचा दांडगा प्रवाह जायचा. पेटीच्या मेंदूतून, म्हणजे नियंत्रकातून, निघालेली तार मात्र दोऱ्याएवढी बारीक होती.

"या बारक्या तारेनं एवढा मोठा हीटर कसा काय चालू हुतो?" आबांनी मुद्दाम विचारलं.

"मध्ये रिले आहे ना!" रिले (छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारं बटण) केतकीनं स्वतः बसवला होता. "नियंत्रक स्वतः ओझं उचलत नाही. तो नुसती खूण करतो. मोठी वीज रिले सांभाळतो."

तिनं प्रत्येक तार ओढून पाहिली. एकही सैल नव्हती. मग चूक होती तरी कुठे? पेटी बिनचूक, पीठ तेच आणि पेज बेचव! केतकी भलतीच चिडली आणि चिडल्यावर तिला भूक लागायची. चमचा घेऊन ती पातेल्याच्या तळाची खरवड खरवडून खायला बसली.

दोन चमचे खाऊन झाले आणि तिसरा हातातच राहिला.

"आबा! पासष्ट अंशाला खरवड धरेल का?"

आबांच्या मिशा हलल्या.

"नाही धरणार," केतकी स्वतःशीच बोलू लागली. "म्हणजे तळ खूप तापला होता. पण पेटीला ते कळलं कसं नाही? संवेदक (तापमान मोजून कळवणारी सळई) तर मी... मी वरच बुडवला होता!"

वर का बुडवला? तर आई नेहमी वरच्या वर करंगळी बुडवून पेजेचा अंदाज घ्यायची. केतकीनं लहानपणापासून तेच पाहिलं होतं, म्हणून संवेदकही तिनं बरोबर करंगळीच्या जागी लावला. पण आईचा दुसरा हात ती साफ विसरली होती. त्या हातानं आई पळी अखंड फिरवत असायची!

पाणी तापलं की हलकं होऊन वर येतं आणि थंड पाणी खाली जातं. या आपोआप फिरण्याला अभिसरण म्हणतात. पण पेज दाट होत गेली की ती फिरेनाशी होते. वर अजून साठच अंश आहेत असं संवेदक सांगत राहिला आणि बिचारा नियंत्रक हीटर चालू ठेवत गेला. वर पासष्ट होईपर्यंत तळाशी नव्वद झाले असणार. तळाला गेलेले विकर बाद झाले, आणि पेज जेमतेम सरकत राहिली तशी हळूहळू सगळ्यांची तीच गत झाली.

"पेटीला बाहेरचं जग दिसत न्हाई पोरी," आबा म्हणाले. "संवेदक जी बातमी देईल, तेवढंच तिचं जग. केलेल्या कामाचा परिणाम मोजायचा, आणि त्यावरनं पुढचं काम ठरवायचं. ह्याला पुनर्भरण म्हणत्यात. बातमी खोटी, तर शहाणी पेटीबी येडी."

"आणि चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढं," केतकी म्हणाली. "तिथं तर पेज आणखीच आळशीपणा करेल. बरं झालं, चूक इथंच सापडली!"

मग दोन दिवस घरात नुसती धांदल उडाली. आबांनी लहानशी मोटर शोधली, केतकीनं तिला ताक घुसळायची रवी जोडली आणि संवेदक पातेल्याच्या मध्यावर आणला. पण तिला आणखी एक शंका छळू लागली. मोटर बंद पडली तर? पुन्हा तीच खोटी बातमी! विचार करकरून तिनं रवीच्या दांड्यावर एक चुंबक बसवलं आणि शेजारी त्या चुंबकाची हालचाल टिपणारा दुसरा संवेदक लावला. रवी फिरली की प्रत्येक फेऱ्याला नियंत्रकाकडे एक टिचकी जायची. तीन सेकंद टिचकी आली नाही, तर रिलेची खूण बंद. ही युक्ती मात्र तिची एकटीची होती. आबांनी ती ऐकली आणि चष्मा काढून नातीची पाठ थोपटली.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता परीक्षक ऋतुजा धामणकर आल्या. त्यांनी पेटी पाहिली, हूं म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. हसण्याचं नाव नाही. केतकीनं मुख्य बटण चालू केलं.

रवी फिरू लागली. आकडा चढत गेला. साठ, त्रेसष्ट, पासष्ट! हीटरचा लाल दिवा विझला. चौसष्टला पुन्हा लागला, पुन्हा विझला. तास झाला तरी आकडा जागचा हलेना. आणि एकाएकी धामणकर बाई उठल्या आणि त्यांनी मोटरची तार खसकन उपटली!

रवी थांबली. केतकी मोजू लागली. एक. दोन. तीन.

खट्. रिले सुटला, लाल दिवा विझला आणि पडद्यावर अक्षरं उमटली : ढवळणं थांबलं, म्हणून तापवणं थांबवलं.

"हे आमच्या यादीत नव्हतं," धामणकर बाई सावकाश म्हणाल्या. "कुणी सुचवलं?"

"म्या न्हाई," आबा घाईघाईनं म्हणाले.

बाईंनी तार परत जोडली. दीड तास पुरा झाल्यावर पेल्यात पेज ओतून घेतली, एक घोट घेतला आणि अख्खा पेला रिकामा केला. मग पिशवीतून चंद्रयानात चढवायच्या सामानाची चिठ्ठी काढून पेटीवर चिकटवली. केतकी किंचाळली, आबांनी तिला उचलून गरागरा फिरवलं, आणि फौजदार मागून ओरडत राहिला, "विजेच्या उपकरणांजवळ नाचू नये!"

तेवीस दिवसांनी पडद्यावर आई दिसली. तिच्यामागे वसाहतीतली एकेचाळीस माणसं पेले घेऊन रांगेत उभी होती. चंद्रापर्यंत शब्द जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात, आणि केतकीला ते अडीच तास वाटत होते.

"आई, कशी झालीय?"

आईनं पेला खाली ठेवला. तिच्या ओठांवर पेजेची मिशी उमटली होती आणि डोळे भरून आले होते.

"तिसरा पेला आहे हा माझा," ती म्हणाली. "डॉक्टरांनी परतीचा कागद फाडून टाकला, केतकी! आणि ऐक, आमच्या प्रमुखांना ही पेटी काचघरासाठी हवी आहे. चंद्रावरची रात्र चौदा दिवसांची असते. त्या थंडीत रोपांना ऊब द्यायची, पण भाजू द्यायचं नाही. असल्या साठ पेट्या लागतील. त्यांनी विचारलं, हा आराखडा कुठल्या अभियंत्यानं काढला?"

"मग तू काय सांगितलंस?"

पुन्हा अडीच सेकंद गेले.

"सांगितलं, ती दिवसा शाळेत असते. संध्याकाळी फोन करा."