अमावस्येपर्यंतची आवृत्ती

“विचारल्याशिवाय कोणाचं काही बंद करायचं नाही, चारू.”

नारायण सर असं म्हणायचे. सर गेले, आणि उद्याची तिथी सांगणारा त्यांचा फुकट प्रोग्राम अमरावतीत चारुशीलेच्या गळ्यात पडला. तो पायथन या संगणकभाषेच्या नव्या रूपावर चाले आणि जुन्या, पायथन दोनवरही. दोन्ही सांभाळता सांभाळता माघात चूक झालीच. तिनं एक दुरुस्ती नव्याच्या हिशेबानं लिहिली. जुन्यानं त्या भागाकारातला अपूर्णांक गिळला आणि एकादशी एक दिवस आधी सांगितली. कुणाचं तरी व्रत आपल्यामुळं मोडलं! स्वतः एकही एकादशी न चुकवणाऱ्या चारुशीलेला दोन दिवस घास गोड लागला नाही.

जुनी आवृत्ती आता थांबवायची. पण आधी विचारायला हवं. तिनं त्यात एक प्रश्न घातला—‘ही आवृत्ती वापरणारं अजून कोणी आहे का?’

रोज दिवेलागणीला एकच उत्तर येऊ लागलं. अकोल्याहून. ‘आहे.’

तिनं नोंदीतल्या पत्त्यावर लिहिलं. उलट टपाली ईशान नावाच्या कुणाचा निरोप आला—‘आमच्याकडून कोणीच उत्तर दिलेलं नाही. एकदा येऊन बघा.’

ती अकोल्याला गेली. मोर्णा नदीपलीकडं, जुन्या शहरातल्या एका बोळीत दार त्यानंच उघडलं. ओले केस, हसरे डोळे.

“तुमीच का त्या बंद करणाऱ्या?”

“तुम्हीच का ते ‘आहे’वाले?”

“मी? नाही जी...”

त्यानं आतल्या खोलीचं कुलूप काढलं. त्याच्या वडलांचा, गुरुजींचा कॉम्प्युटर चालू होता. कीबोर्ड मात्र वायरसकट भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला.

“बाबांनी साऱ्या तिथ्या आपल्या आवाजात या जुन्या आवृत्तीतच भरून ठेवल्या. ते जाऊन तीन वर्षं झाली, पण हा बंद करायची हिंमत नाही झाली. बोळीतल्या बाया ऐकून दिवा लावतात.”

सहा वाजले. खिडकीतल्या भोंग्यातून संथ, खर्जातला आवाज आला—“उद्या... फाल्गुन शुद्ध द्वितीया.”

मग पडद्यावर तिचा प्रश्न उमटला. आणि खाली, म्हाताऱ्या बोटानं कळ शोधावी तसं, सावकाश... ‘आ’... ‘हे’.

भिंतीवरची वायर हललीसुद्धा नाही. खोलीत गंध उगाळल्याचा वास दाटला.

चारुशीलेनं नकळत ईशानचं मनगट धरलं.

“घाबरल्या?”

“नाही...”

“मंग सोडा ना.” तो थांबला. “नाही, राहू द्या.”

शेजारच्या खिडकीतून मनकर्णाबाई ओरडल्या, “काहून रे ईशान, गुरुजीचा आवाज आज लय खुश लागून राह्यला! पाव्हणी आली काय?”

दोघांच्या नजरा भोंग्याकडं वळल्या. भरून ठेवलेला आवाज... खुश?

“बंद नका करू,” तो हळूच म्हणाला.

“आणि माघातली एकादशी?”

“मले मनकर्णाबाईनं लय झापलं तवा.” त्याचा चेहरा उतरला. “बाबांनी जन्मात एक तिथी चुकवली नाही. त्यांच्या आवाजात चूक... मले सहन नाही झाली.”

“पुन्हा होईल. दोन्ही माझ्यानं निभत नाहीत.”

त्यानं पडद्यावरची धूळ तळव्यानं पुसली. म्हणाला, “फाल्गुन अमावस्येपर्यंत चालू द्या. बाबांचं पंचांगाचं वर्ष पुरं होऊ द्या. फक्त त्या सांजेले तुमी या. एकट्यानं ऐकणं होणार नाही माह्याच्यानं.”

“येईन.”

“आणि पाडव्यापासून?”

“नवी आवृत्ती... तिला आवाज लागेल. तुमचा द्या.”

“माहा? भसाडा हाय.”

“असू दे. मला रोज ऐकायचाय...” बोलून गेली, आणि तिचे कान तापले.

“अमरावतीहून ऐकसान,” त्यानं विचारलं, “का इथं राहून?”

“ते... अमावस्येला सांगते.”

अमावस्येच्या दुपारी तिनं जुन्या आवृत्तीत एक ओळ लिहिली—आज संध्याकाळी सांगायची तिथी शेवटची. हात जोडले.

“एवढ्या उन्हात कुठं गं?” आईनं विचारलं.

“अकोल्याला. शब्द दिलाय.”

आईनं तिच्या मोरपंखी साडीकडं पाहिलं आणि पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. चारुशीलेनं आवाज न करता फाटक लावलं आणि ती एस.टी. स्टँडकडं चालू लागली.