टेपखालची पाच बोटं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. नाशिकला, गंगापूर रोडच्या मागे, गेल्या फेब्रुवारीत. तेही भर दुपारी.

माझ्या उज्वलाताईचे यजमान, सोमनाथदाजी. जमिनीत पुरायच्या लोखंडी पाइपांना काळी टेप लावायचं त्यांचं काम. लोखंडाला ओल लागली की गंजलंच म्हणून समजा. टेप तापवून चिकटवायची, मग वरून मशीनचा ब्रश फिरवायचा. सुईएवढं भोक राहिलं तरी मशीन वाजतं.

त्या दुपारी ते वाजलं...

पाच वेळा.

चार जवळजवळ, एक बाजूला.



पंधराच दिवसांपूर्वी चारीत, म्हणजे पाइपासाठी खणलेल्या लांब खड्ड्यात, माती ढासळून त्यांचा जोडीदार गेणू गेला होता. दाजी घाबरून जेसीबीवाल्याला शोधायला पळाले. तो जेवायला गेलेला. वीस मिनिटं गेली.

"जागच्या जागी गेला रे तो. तुझ्या हातात काय होतं?" सगळे म्हणाले. त्या एका वाक्यावर दाजी तगून होते.

गेणूला काढलं, तेव्हा टेपवर त्याच्या पाच बोटांचे ठसे होते, ती गरम असताना उमटलेले. नियमाने ती टेप सोलून नवी लावायची. दाजींना बघवेना हो! त्यांनी वरूनच दुसरी मारली आणि चारी बुजवली.

पण त्या दुपारचा हा पाइप नवा, टेपही नवी. दाजींनी भोकं बुजवली. पुढच्या पाइपावर पुन्हा पाच.

दाजींनी हाताखालच्या पोराला हाक मारली, "अमोल, तू फिरव रे ब्रश."

अमोलने फिरवला...

मशीन गप्प.

"दाजी, घरी जा. झोप नाही तुमची."

दाजी घरी कुठले जातात! कुदळ घेतली आणि जुनी चारी उकरली. वरची टेप सोलली...

पाच ठसे नव्हते.

ठशांवर ठसे होते. हात पुरेल तिथपर्यंत टेप ओरबाडलेली.

तेव्हा पाचच होते, दाजी शपथेवर सांगत होते. आणि गार झालेली टेप नखाला दाद देत नाही. मग हे उमटलं कधी? माझं तर डोकंच चालत नाही.

आठवड्याने गेणूची बायको कुसाबाई निफाडहून आली. मी तिथेच बसलो होतो.

"भाऊ, खरं सांगा. त्यांना लय तरास नाय ना झाला?"

दाजींनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "नाही वहिनी. जागच्या जागी."

बिचारीने डोळे पुसले, चहा घेतला आणि बसला गेली.

ते दाजींचे शेवटचे शब्द. माणूस जिवंत आहे, जेवतो, फिरतो. पण त्याला दोन महिने झाले, तोंडातून आवाज नाही.