चौथा रोट

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाही. हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय आणि भर दुपारी घडलंय. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खानदेशात एक श्रावण काढून बघावा.

धुळे. साल १९८८. नागपंचमीनंतरचा रविवार, म्हणजे कानबाईचा रविवार.

मामाचं नाव बन्सीलाल. सरकारी खात्यात ओव्हरसियर, आणि नाकाने कांदे सोलणारा. ओळखीत कुणी घर घ्यायला निघालं की मामाला सोबत न्यायचं. मामा खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढायचा. भिंतीवर वाजवायचा.

टक... टक...

मग नाकातून "हूं" करायचा आणि म्हणायचा, "पोकळ."

फरशीचा उतार बघायला खिशात काचेची एक गोटीही असायची. वीस वर्षांत त्याने लोकांचे पन्नास सौदे मोडले असतील. एकाही घराला कधी चांगलं म्हणाला नाही. स्वतः मात्र गल्ली नंबर चारमध्ये दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

त्या वर्षी घरमालकाने दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. मंदामामी रडकुंडीला आली. "दोन पोरं घेऊन कुठं जायचं? या वेळी तरी कुठल्या तरी घराला हो म्हणा."

शनिवारी रतिलाल दलाल आला. "नाना, देवपूरच्या पुढे नवीन कॉलनीत शेवटचं घर आहे. रिकामं आहे. शाळा जवळ, बोअरला बारमाही पाणी. पण उद्या जाऊ नका. कानबाई आहे. मंगळवारी किल्ली घेऊन येतो."

"कानबाई काय भिंती धरून बसते?" मामा म्हणाला. दलाल नको म्हणतो, म्हणजे घरात ओल असणार, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

कानबाई म्हणजे आमची घरची देवी. नारळाला नथ-डोळे लावून चौरंगावर बसवायची आणि रोटांचा, म्हणजे जाड पोळ्यांचा, नैवेद्य दाखवायचा. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढून दळायचा. जितके पुरुष, तितके रोट. आणि तो रोट फक्त घरच्यांनी खायचा. परक्याला त्यातला कणसुद्धा द्यायचा नाही. ज्याने खाल्ला, तो त्या घरचा झाला.

मामाला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं. मामाला काय, सगळंच माहीत होतं.

मामाच्या घरात पुरुष तीन. मामा आणि दोन पोरं. मामीने तीन रोट केले. रविवारी बाराला मामा सायकल काढून निघाला.

"आरतीला या हो," मामी म्हणाली.

पांझरेचा पूल ओलांडला. घरोघर कानबाई, घरोघर भोंगे. गाण्यांनी सगळं देवपूर दणाणत होतं. कॉलनी कसली, बाभळीत दहा-बारा घरं! मामाने डायरी काढली. रस्ता: नाही. गटार: नाही. नाल्याच्या पुराची खूण: जोत्याच्या हातभर खाली. शेजार: कळकट.

सगळ्यात शेवटचं घर ते. एकटं. बाजूला सगळे मोकळे प्लॉट.

मामाने फाटक ढकललं आणि...

भोंगे बंद झाले.

हळूहळू नाही. एकदम. सगळे.

"गेली वीज," मामा पुटपुटला. "या गावात दुसरं काय होणार."

दार उघडं होतं. आत चौरंगावर कानबाई मांडलेली. समोर एक म्हातारी. आणि ताटात चार रोट.

"ये भाऊ," ती म्हणाली. "घर पाहाले उना ना? पाही ले."

रिकामं म्हणे! रतिलालला मनात शिव्या घालत मामा खोल्या बघू लागला. पुढची खोली, स्वयंपाकघर, मागची खोली. मागच्या खोलीत काहीच नव्हतं. ना खाट, ना चूल, ना कोळ्याचं जाळं. मामाने जुडगा काढला.

टक... टक...

"हूं. पोकळ."

आणि भिंतीच्या पलीकडून...

टक... टक...

मामाने डायरीत लिहिलं: शेजाऱ्यांची पोरं उपद्रवी. पलीकडे मोकळा प्लॉट आहे, हे या दीडशहाण्याच्या लक्षात आलं नाही.

मग त्याने उंबऱ्याशी गोटी सोडली. गोटी दाराकडे निघाली... थांबली... आणि उलटी फिरली. घरंगळत थेट चौरंगाखाली गेली.

"फरशी बसवणारा गाढव होता," मामा म्हणाला.

"उतार घरमाच शे भाऊ," म्हातारी म्हणाली. "आठे जो उना, तो बाहेर जात नही."

"घरात माणसं किती?"

"चार."

"कुठे आहेत?"

"तीन मांगनी खोलीमा शेत."

मागची खोली तर मामा आत्ताच बघून आला होता...

म्हातारीने एक रोट त्याच्यासमोर धरला. "खाई ले. ज्याले घर लेनं, त्याले खावं पडस."

खरं तर तिथेच उठायला हवं होतं. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा परक्या घरचा रोट खात नाही. पण मामा सकाळपासून उपाशी होता, आणि वर असल्या गोष्टींना थोतांड म्हणायची त्याला भारी हौस.

त्याने अर्धा रोट खाल्ला.

हाताला गरम होता. तोंडात मात्र थंडगार.

म्हातारीने भांडं पुढे केलं. "हात आठेच धोय ले. घरना माणूसनं पानी बाहेर जाऊ देतस नही."

मामा फाटकाबाहेर पडला आणि सगळे भोंगे पुन्हा दणाणू लागले.

संध्याकाळी घरी आरती झाली. मामीने ताटावरचं फडकं काढलं आणि किंचाळली.

ताटात दोनच रोट होते.

"तीन केले होते हो! तुमच्या नावाचा तर मी पहिला थापला!"

"मांजर आलं असेल," मामा म्हणाला. पण त्याचा आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

मंगळवारी रतिलाल किल्ली घेऊन आला. फाटकाला गवत गुंडाळलेलं. दाराला कुलूप, तेही गंजलेलं.

"ती म्हातारी कुठे गेली?" मामाने विचारलं. "कसली म्हातारी?" रतिलाल म्हणाला.

पलीकडच्या गल्लीतला वना म्हातारा तिथे शेळ्या चारत होता. तो म्हणाला, "झुंबरबाई का? ती ते मांगला सालेच मरी गयी. धनी आनि दोन आंडोर साक्रीना रस्तावर ट्रकखाले गयात. तरी बाई दर सालले तीन रोट करे."

"नवरा आणि दोन पोरं, म्हणजे तीन?" मामाने विचारलं.

"तीनच. घरमा माणसं तीनच व्हतात ना."

रतिलालने कुलूप उघडलं. फरशीवर बोटभर धूळ. धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

चौरंगाखाली मामाची गोटी होती.

आणि चौरंगावर अर्धा रोट. त्यातून अजून वाफ निघत होती...

मामाने डायरी उघडली आणि तशीच मिटली. जन्मात पहिल्यांदा एखादं घर बघून त्याने त्यात खोट काढली नाही.

दिवाळीत ते दुसऱ्या भाड्याच्या जागेत गेले. पुढच्या श्रावणात मामी गहू काढायला बसली. थोरल्याची मूठ सुपात पडली. धाकट्याची पडली. मग तिने मामाच्या नावाची मूठ भरली, सुपावर नेऊन उघडली...

हात रिकामा.

तिने तीनदा भरली. तीनदा रिकामी. मामी कपाळ बडवून घेत होती आणि मामा दाराशी उभा राहून बघत होता.

तेव्हापासून त्या घरात दोनच रोट होऊ लागले. मामा स्वतःच्या दारात थांबायचा आणि विचारायचा, "येऊ का आत?" कुणी "या" म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता यायचा नाही. हसणारे हसले. मीही हसलो. एवढा तोरा मिरवणारा माणूस पाहुण्यासारखा दाराजवळ अंग चोरून बसायचा. ही सगळी हकीकत त्याने मला तिथेच बसून सांगितली.

शहाण्णव साली, कानबाईच्याच रविवारी, भर दुपारी मामा गेला.

अठ्ठ्याण्णव साली मी देवपूरला एक घर बघायला गेलो होतो. माझ्या बायकोलाही घर हवं होतं. दिवस कोणता, हे मी मुद्दाम बघितलं नव्हतं. भोंगे वाजत होते. वाजता वाजता ते...

एकदम थांबले.

समोर मामाने सांगितलेलं तेच फाटक. तेच गंजलेलं कुलूप. आणि आतून...

टक... टक...

"हूं."

आवाज मामाचा होता. नाकातून आलेला, तुच्छ, ओळखीचा. आता तो 'पोकळ' म्हणेल म्हणून मी उभा राहिलो.

"भक्कम आहे रे," आतून मामा म्हणाला. "ये. बघून घे."

मी पळालो. पुलापर्यंत मागे वळून बघितलं नाही.

जन्मभर एकाही घराला चांगलं न म्हटलेला माणूस त्या घराला भक्कम म्हणत होता. आता तिथल्या ताटात पाचवा रोट कुणाच्या नावाचा असेल, हे मला जाणून घ्यायचं नाही. मी अजून भाड्यानेच राहतो. बायको रडते. रडू दे.