गावपळणीतली जत्रा

कोल्हापूरला ट्रेनिंग कॉलेजात आमचे मानसशास्त्राचे गुरुजी शिकवायला आले की निम्मा वर्ग डुलक्या काढायचा. एके दिवशी मात्र त्यांनी सगळ्यांना जागं केलं. म्हणाले, "आयुष्यातली सगळ्यांत पहिली आठवण एक पानभर लिहा." कुणी भावाचं बारसं लिहिलं, कुणी विंचू चावल्याचं. मी आमच्या खारपोय गावची जत्रा लिहिली, आणि जत्रेतला लाकडी घोड्यांचा पाळणा. पान पुरलं नाही म्हणून पाठीमागेही लिहिलं. गुरुजींनी लाल शाईत शेरा मारला, 'तपशील उत्तम. घरी पडताळून पाहा.'

त्यांनी हे भलतीलाच सांगितलं. 'असंच असतं' म्हणून मला कुणी गप्प केलं की माझं पित्त खवळतं. आमच्याकडे एका विहिरीला तळ नाही असं म्हणत. नवव्या वर्षी मी दोरीला दगड बांधून तिचं पाणी मोजलं होतं. साडेतीन पुरुष निघालं. काकीने त्याबद्दल धोपटलं ते वेगळं.

आठवण अशी होती. दुपारची वेळ. देवळापुढच्या मांडावर, म्हणजे आमचा शिमगा जिथे होतो त्या मोकळ्या जागेत, मधोमध लोखंडी खांब. त्याच्याभोवती आठ लाकडी घोडे, वरखाली होत फिरणारे. माझा घोडा हिरवा. त्याचा रंग पुरता वाळलेला नव्हता आणि तो माझ्या मांडीला लागला होता. त्याचं पोट उन्हात बसलेल्या गाईच्या पोटासारखं ऊन होतं. भोवती पुष्कळ माणसं जमिनीवर बसली होती, पण सगळी पाठमोरी. एवढ्या माणसांचा आवाज कसा तो नव्हता, फक्त खांबाची करकर ऐकू येत होती. पाळणा कोण फिरवत होतं ते आठवत नाही. माझ्या हातात खाजं होतं आणि गुळाने बोटं चिकट झाली होती.

मग आई आली. तिने मला घोड्यावरून उतरवलं, मांडीत घेतलं, केसांना तेल लावलं, घट्ट वेणी घातली आणि वेणीत अबोलीचा वळेसर माळला. बोट धरून ती मला गावच्या शिवेपर्यंत घेऊन आली. तेवढं सुख मला पुन्हा कधी झालं नाही.

ही आठवण मी जपून ठेवली होती त्याला कारण होतं. आईचा हात माझ्या केसांना लागल्याची तेवढी एकच आठवण माझ्यापाशी होती. वडील मी तीन वर्षांची असताना तापाने गेले. आईने मला एकटीने वाढवलं, स्वतः उपाशी राहून शिकवलं. मी आजारी पडले की ती रात्र रात्र उशाशी बसे. पण तिचा हात माझ्या डोक्याकडे येई आणि मध्येच थांबे. माझी वेणीफणी गोदूबाईकाकीने केली. शाळेतल्या मुली आयांच्या पुढ्यात बसून उवा काढून घेत, त्याचाही मला हेवा वाटायचा. आता सांगायला लाज वाटते, पण वाटायचा.

सहासष्ट सालच्या मार्गशीर्षात मी सुट्टीला घरी आले. आई पडवीत तांदूळ पाखडत होती. काकी शेजारी खोबरं किसत होती.

"काकी, आपल्या जत्रेत तो लाकडी घोड्यांचो पाळणो येयचो, तो आता कित्याक येणा नाय?"

काकी हसायला लागली. "पाळणो? हंय? अगो, खाडयेर पूल नाय, गावात धड रस्तो नाय. होडयेतसून येतलो तुझो पाळणो? आमच्या जत्रेत काकणां नि खाजा, संपली जत्रा!"

"मी बसलंय त्येच्यार. आये, तूच माका उतरवलंस. वेणी घातलंस."

सूप थांबलं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. तांदूळ तसेच टाकून ती उठली आणि परसात निघून गेली. काकीचं हसणं मावळलं होतं. तिने किसणी बाजूला ठेवली आणि जे तेरा वर्षं कुणी मला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

आमच्या गावात गावपळण असते. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घ्यायचा आणि कौल झाला की अख्खं गाव गुराढोरांसकट, कुत्र्याकोंबड्यांसकट शिवेबाहेर जाऊन राहायचं. तीन दिवस गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. ते तीन दिवस गाव आपलं नसतं, एवढंच सांगतात. मग कुणाचं असतं, हे विचारलं की मोठी माणसं विषय बदलतात. निघताना एक नेम कडक पाळतात. शीव ओलांडेपर्यंत मागे बघायचं नाही आणि कुणाला नावाने हाक मारायची नाही. हाक मारली तर ओ कोण देईल ते सांगता येत नाही म्हणून.

त्रेपन्न साली मी चार वर्षांची होते. आमच्या घरच्या दोन गाड्या निघाल्या. आईला वाटलं, मी काकीच्या गाडीत गोधडीखाली झोपले आहे. काकीला वाटलं, मी आईच्या कडेवर आहे. नावाने विचारायची सोय नव्हती. शीव ओलांडली, देवळाचे मानकरी दाजी गावकर यांनी शिवेवर नारळ ठेवला, आणि मग काकीने गोधडी उचलली. खाली कपड्यांचं बोचकं होतं.

नारळ ठेवल्यावर आत कुणी जात नाही. आईने दाजींचे पाय धरले. दाजींनी शिवेवरच्या पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावून तिच्यासाठी कौल मागितला. उजवी पडली तर जा, डावी पडली तर नाही. तीनदा लावला. तिन्ही खेपा डावी पडली.

"मगे?" मी विचारलं.

"मगे काय? तीन दिस थंयच बसान रवली. पाण्याचो थेंब घेवक नाय."

"पण आत गेली नाय."

"नाय गेली," काकी म्हणाली. "तिसऱ्या दिसा भर दुपारचा तूच चलत इलंस. एकट्याच. केसांक तेल, वेणी, वेणयेत अबोली. मांडयेक हिरवो रंग. पोट भरलेला. तुझ्या आवशीन वेणी बघल्यान नि थंयच थिजली. मीच तुका उचलून घेतलंय."

भुताखेताचं माझ्या मनातही आलं नाही. मला आला तो राग. चार वर्षांचं पोर तीन दिवस एकटं आत, आणि आई एका पाकळीसाठी बाहेर बसून राहिली. घोडे, वेणी, अबोली हे सगळं भुकेल्या पोराच्या मनाने रचलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. वेणी मात्र काकीनेही पाहिली होती. तिचा हिशेब लागेना, म्हणून राग आणखी वाढला.

चारच दिवसांनी गावपळण लागली. शिवेबाहेर झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. तीन दगडांच्या चुली, झाडाला बांधलेली गुरं, पोरांचा दंगा, बायकांच्या फुगड्या. याआधीच्या तिन्ही गावपळणींत आईने माझ्या कमरेला दोरी बांधून तिचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं होतं. लोक हसत, वासरू म्हणून चिडवत. या खेपेला मी सतरा वर्षांची होते. तरी ती दोरी घेऊन आली.

"पुरे झाला," मी म्हटलं. "तेव्हा बांधूची होतंस."

तिचा चेहरा पडला. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

"पाकळी ओली आसली, जड आसली, की खंयच्याय बाजूक पडता, आये. देव सांगना नाय काय. तू भियालंस, म्हणान इलंस नाय."

"व्हय," आई म्हणाली. "भियालंय."

"मी बघून येतंय थंय काय आसा ता."

"जाव नको गो. तुझ्या पायां पडतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्यांदेखत, मी नारळ ओलांडून आत गेले. मला धरायला कुणाचा हात पुढे झाला नाही.

रिकामा गाव मी त्याआधी पाहिला नव्हता. दारांना कड्या, चुली थंड. रहाटाची दोरी वाळून कडक झालेली. माझ्या पावलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. एरवी मासळीच्या वासाने अंगावर येणारे कावळेही नव्हते. मी घाबरले होते, ते मी कबूल करते.

मांडावर काही नव्हतं. खांब नाही, खळगा नाही, चाकोरी नाही. मी पावलांनी जागा मोजली. लांबी बेचाळीस, रुंदी तीस. पारावर बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं, कललं. एक पानही हललं नाही. शेवटी मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं. घोडे नव्हते, म्हणजे ती आईही नव्हती. माझ्याजवळ होती ती एकच, शिवेबाहेरची, भित्री. तिला जाऊन जवळ घ्यावं असं मला फार वाटलं.

ओहोटी होती. दाजींच्या शिव्या चुकवायला मी खाडीच्या काठाने, लांबच्या वाटेने झोपड्यांशी आले. काकी धावत आली.

"तुझी आवस खंय?"

"हंयच नाय?"

"अगो, तू गेलंस नि घटकाभरान तीय गेली! कौल नाय, काय नाय. नारळ वलांडल्यान नि तुझा नाव घेवन हाको मारीत गेली!"

नाव घेऊन. गावपळणीत.

"माका हाक आयकाक इली नाय," मी म्हटलं.

काकीने माझा दंड धरला. "असा कसा? तू ओ दिलंस मा? आमी सगळ्यांनी आयकलाव. तीन हाको मारल्यान, तीन खेपा तू ओ दिलंस."

मी शिवेकडे धावले. या वेळी मात्र दोघांनी मला धरलं. दाजींनी कौल लावला. डावी पडली. पुन्हा लावला. डावी. मी त्यांना पाकळीच्या वजनाबद्दल काहीतरी ओरडून सांगत होते.

तिसऱ्यांदाही डावी.

मी हिसडा देऊन सुटले. नारळापर्यंत गेले. पाऊल उचललं.

ते पुढे पडेना.

मी तिथेच बसले. घसा बसेपर्यंत 'आये' म्हणून ओरडले. कुणीतरी पाणी आणलं, ते मी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती आली.

बाजारातून यावं तशी सावकाश चालत आली. केसांना तेल होतं. घट्ट वेणी होती. चौदा वर्षं विधवा असलेल्या बाईच्या वेणीत अबोलीचा ताजा वळेसर होता. बायकांनी माना फिरवल्या.

ती सरळ माझ्याकडे आली. माझ्या डोक्यावर तिने हात ठेवला, अख्खाच्या अख्खा तळवा.

"उपाशी आसंस?" तिने विचारलं.

मी तिच्या पोटाला मिठी मारून रडले.

त्याला आता वर्ष झालं. मला गावच्याच शाळेत नोकरी मिळाली आहे. आई आता हसते, गुणगुणते. काकीने आमच्याकडे जेवायला येणं सोडलं आहे, विचारलं की गुडघ्यांचं कारण सांगते. मी पडताळून पाहिलंच. वडिलांच्या होडीचं नाव विचारलं, त्यांच्या तापाचे दिवस विचारले, माझ्या पाठीवरचा तीळ कुठे आहे ते विचारलं. सगळं बरोबर आलं. इतकं चटचट आलं की मी विचारणं बंद केलं.

आणि रोज संध्याकाळी ती मला पुढ्यात घेऊन केसांना तेल लावते. ज्यासाठी मी जन्मभर झुरले ते मला रोज मिळतं.

गेल्या रविवारी तिचा हात केसांजवळ आला आणि माझी मान आपोआप बाजूला झाली. मी काही ठरवून केलं नव्हतं. हात तिथेच थांबला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे वळून बघायचा धीर होईना.

आई रागावली नाही.

"भिया नको गो," ती म्हणाली. "माकाय तुझी सवय होवक तेरा वर्सां लागली."

आणि तिने तेलाची वाटी जवळ ओढली.