पानाचा ओला कोपरा

दुधाचा टेम्पो लावून कानिफनाथ अकराला घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि दिशाला घेऊन ओट्यावर चटई टाकायचा. पोरगी दोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती.

"ऐकू येतंय तिला," अंगणवाडीच्या रुपालीताई म्हणाल्या होत्या. "रोज वाचून दाखवा. एक ओळ वाचायची, थांबायचं, तिला वेळ द्यायचा."

"बापच दिवसाला चार शब्द बोलतोय," त्याची सासू बनुबाई म्हणाली. "पोर कुणाचं ऐकून बोलंल?"

त्याला राग आला नाही. खरंच होतं ते. घरात बोलायचं काम त्याच्या बायकोचं, निकिताचं होतं, आणि निकिता गेली तेव्हा दिशा वीस दिवसांची होती.

पाथर्डीच्या स्टँडवरून त्याने जनावरांच्या चित्रांचं पुस्तक आणलं.

"ही गाय. गाय चारा खाते." तो वाचायचा आणि थांबायचा. पहिला आठवडा दिशा नुसती चित्राकडे बघत राहिली. दुसऱ्या आठवड्यात तो थांबला की ती त्याच्या डाव्या बाजूला, चटईच्या रिकाम्या जागेकडे बघायला लागली. ऐकत असल्यासारखी. मग खुदकन हसायची.

हसते तरी, एवढ्यावर तो खूश होता.

एक दिवस पान उलटताना कोपरा ओला लागला.

"मामी, पुस्तकाला पाणी लागलं का?"

"मला मेलीला अक्षर येत न्हाई, मी कशाला हात लावू?" बनुबाईने कोपरा चाचपला. जरा वेळाने म्हणाली, "निकी अशी थुंकी लावायची. पोथी वाचताना. किती बोलले मी तिला, देवाच्या पानाला थुंकी लावू न्हाई."

ती उठून चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने दिशाला मांडीवर घेतलं. तिचे दोन्ही हात स्वतःच्या हातांत धरले. पुस्तक चटईवर उघडं ठेवलं. वारा नव्हता, दोरीवरचं लुगडंसुद्धा हलत नव्हतं.

"ही गाय," तो म्हणाला आणि थांबला.

दिशा डावीकडे बघत होती.

"चांदी," ती म्हणाली.

पहिला शब्द. अगदी स्वच्छ.

चांदी ही निकिताची गाय. बाराव्याच्या आधीच त्याने ती विकली होती, दाव्यासकट. त्यानंतर ते नाव घरात कुणी काढलं नव्हतं.

"कुणी शिकवलं गं तुला?"

दिशाने मान वळवून बापाकडे पाहिलं. कुणी सांगत असताना मध्येच बोलणाऱ्याकडे बघावं, तशी.

तो कान देऊन बसला. लांब कुणाची तरी मोटार चालू होती. आत भाकरीची थाप. बाकी काहीच नाही. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

मग तो थोडा उजवीकडे सरकला, जागा करून दिली.

दिशा खुदकन हसली.

पान उलटलं. कोपरा ओला होता. तिचे दोन्ही हात अजून त्याच्या हातांत होते.