उद्या तीन मीटर उतरेल

उन्हाळ्यासाठी गाई घेऊन डोंगरावर आलेल्या लादिनाने या वर्षीच घेतलेली होडी सकाळी धरणाच्या काठाला व्यवस्थित बांधली होती—असं तिचं म्हणणं. रोपवेतून चीज खाली गावात धाडून ती दोन तासांनी परतली, तर होडी कड्याला टांगलेली. नाक वर, शेपूट पाण्यात, आणि लोण्याचा डबा आपला खुशाल तरंगत निघालेला.

"दोरी फार आखूड बांधलीत," मागून आवाज आला. धरणाचा राखणदार हसू दाबत उभा होता. "खाली स्वयंपाक सुरू झाले की वीज लागते, वीज लागली की आम्ही पाणी सोडतो. साडेचार मीटर गेलंय."

"मग आधी सांगायचं नाही का माणसाला?"

"सांगेन की… रोज सांगेन."

गिएरी त्याचं नाव. त्याने होडी सोडवली, डबाही गळाने ओढून दिला. संध्याकाळी लादिना धारा काढून हात पुसतेय, तोच कुरणावरच्या झोपडीतला फोन वाजला.

"उद्या तीन मीटर उतरेल. लांब बांधा."

मग रोजच. आधी नुसते मीटर, मग मीटर आणि "जेवलात का?", मग मीटर सांगायचे राहूनच जायचे. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. जुलैत तिला ताप आला, तेव्हा स्वारी सुट्टी टाकून जवाचं सूप घेऊन हजर. वीस गाईंचं दूध काढलं, निम्म्यांच्या लाथा खाल्ल्या.

बघता बघता सप्टेंबर सरला. उद्या गाई हिवाळ्यासाठी खाली गावात उतरणार, आणि फोन वाजायला काही कारणच उरणार नाही… रोपवेच्या खोलीत शेवटचं चीज तोलताना लादिना गिएरीच्या जोडीच्या म्हाताऱ्या राखणदाराला, दुरीकाकांना म्हणाली, "गिएरी रोज पाणी कळवायचा, म्हणून निभावलं."

"कळवायचा? अगं, पाण्याचा आठवड्याचा तक्ता या दारावर लागतो. वीस वर्षं लागतोय."

दार उन्हाळाभर उघडंच असायचं, तक्ता भिंतीकडे तोंड करून. लादिनाने तो वाचला आणि थेट धरणाची भिंत गाठली.

"तक्ता होता," ती म्हणाली.

गिएरीचे कान लाल झाले. "होता."

"मग?"

"पहिल्या दिवशी सांगायला विसरलो. दुसऱ्या दिवशी… विसरायचं ठरवलं."

लादिनाला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. "सात उन्हाळे एकटी राबतेय मी इथे. या वर्षी रोज कुणीतरी माझी विचारपूस केली. फार बरं वाटलं रे… तुझे उपकार कसे मानू?"

"उपकार कसले? मी दिवसभर संध्याकाळची वाट बघायचो." तो जरा घुटमळला. "रविवारी खाली येऊ? तुझ्या घरी?"

"रविवारी कशाला? उद्याच ये. गाई उतरवायला माणूस कमी पडतोय," ती म्हणाली. मग तिने मान हलवली. "नाही. माणसं भरपूर आहेत, गिएरी. मला तू हवा आहेस."