संघपालचा तिसरा इशारा

खांबावर माणूस चढलेला दिसला तेव्हा संध्यानं आधी दगड उचलला, मग विचारलं.

“ए! कोण हाय रे वर? उतर खाली!”

“दगड ठेवा, मंग उतरतो.”

“वायर चोरून राह्यला का?”

“वारा मोजून राह्यलो.”

“वारा? किलोवर मोजता का पोत्यावर?”

“मशीन मोजतं. पण तुम्ही अशाच बघत राहिल्या, तर… आज आकडा चुकन माझा.”

संध्यानं दगड ठेवला, पण हाताला लागेल असा ठेवला. ती मुळातच संशयी. दूधवाल्यानं माप घातलं की आधी मापाकडं बघायची, मग त्याच्या तोंडाकडं, आणि तरी समाधान झालं नाही तर त्याच्या घरी जाऊन म्हशीलाही विचारून यायची. खांबावरून उतरलेला हा पोरगा सावळा, उंच, केसांत धूळ आणि डोळ्यांत हसू. हसणाऱ्या माणसाचा तर तिला दुप्पट संशय.

“जयभीम,” तो म्हणाला. “मी संघपाल. जालन्याहून आलोय. ही मशिनं नीट ठेवायची आणि वाऱ्याचा अंदाज शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सांगायचा, हे माझं काम.”

टेकडीवरच्या त्या खांबाला तीन वाट्या होत्या, वाऱ्यानं गरगर फिरणाऱ्या. खांबाच्या खाली, दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत, संध्याचं शेडनेट होतं, पाइपांवर ताणलेलं जाळीचं घर. भोकरदन तालुक्यातला सगळा वारा त्या खिंडीतून जायचा, जणू दुसरा रस्ताच त्याला ठाऊक नव्हता.

नेटच्या आत मिरचीचं बियाणं तयार व्हायचं. संध्या आणि तिची आई बेबीनंदा एकेका कळीतले परागाचे तुरे चिमट्यानं काढायच्या, दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग तिला हातानं लावायच्या आणि देठाला लाल दोरा बांधायच्या. मधमाशी हीच तिथली मोठी दुश्मन. शेजारच्या मिरचीवरून ती आत आली की परागांची भेसळ झाली, आणि भेसळ झाली की बियाण्याची कंपनी सगळा प्लॉट फेल करणार. म्हणून बाजूचे पडदे कायम बंद. पण जोराचा वारा सुटला, की बंद नेट फुग्यासारखं फुगून पाइपांसकट उखडायचं. शेजारच्या पुंजारामबाबांचं नेट मागच्या साली असं उडालं, की ते थेट सिल्लोडच्या बाजारात उतरलं. आत बसलेली कोंबडी तिथं अंडं घालून पायी परत आली. बाबा अजून ती कोंबडी दाखवतात.

तर, वारा येणार असेल तर पडदे वर गुंडाळायचे, नसेल तर बंद ठेवायचे. संध्याचं सालभराचं काम आता या हसणाऱ्या पोराच्या शब्दावर लोंबत होतं.

पहिला इशारा त्यानं ग्रुपवर टाकला आणि तिला फोनही केला. “तुमची खिंड हाय, म्हणून वेगळं सांगून राह्यलो.” तिनं पडदे वर केले आणि वारा बराबर आला. दुसऱ्या वेळी वारा आलाच नाही; आल्या त्या मधमाशा. मायलेकी दिवसभर टॉवेल हलवत बसल्या. संध्याकाळी त्याचा फोन.

“चुकलं माझं. वारा तिकडं जाफराबादकडं वळला.”

“वळला का वळवला?”

“मी कसा वळवणार? माझं तर घरातबी कोणी ऐकत न्हाई.”

तिला हसू आलं. तिनं ते फोनपासून लांब नेऊन हसून घेतलं. त्यानंतर त्याचा नंबर दिसला की हातातला चिमटा उगाच थांबायचा… आणि तिला स्वतःचाच संशय यायचा.

तिसरा इशारा आला तो फक्त फोनवर. “उद्या वारा हाय. पडदे वर करा.” बाकी बोलणं मात्र लांबलं. जेवण झालं का, आई कशी हाय, चिमट्यानं बोटं दुखतेत का… संध्यानं फोन ठेवला, ग्रुप उघडून बघितला आणि तरी खात्रीसाठी बांधावरून हाक मारली.

“बाबा, ग्रुपवर वाऱ्याचं कायी आलंय का?”

“न्हाई बा,” पुंजारामबाबा म्हणाले. “म्हैस इकायची आलीय, साखरपुडा आलाय. वाऱ्याचं बिलकुल न्हाई.”

मग मात्र तिच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं, खांबावरच्या वाट्यांपेक्षा जोरात. अख्ख्या गावात वारा एकटीच्याच घरी कसा येणार? हा आपला प्लॉट फेल करायला तर बसला नाही ना? कुणाच्या सांगण्यावरून? तिनं पडदे उघडलेच नाहीत. पान हललं नाही त्या दिवशी. संध्याकाळी त्यानं विचारलं, “केले का वर?”

“केले की,” ती म्हणाली.

पलीकडं त्यानं फोनच ठेवून दिला. इतका एकदम, की तिचा संशय पक्का झाला.

चौथा इशारा आला तेव्हा खालच्या मिरच्या लाल व्हायला लागल्या होत्या, शेंड्याला फुलं अजून होतीच, आणि कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी प्लॉट बघायला येणार होता. ग्रुपवर संघपालचा आवाज: दुपारनंतर सोसाट्याचा वारा, गारा. मग तिला फोन. तिनं कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. शेवटी त्याची मोटारसायकलच बांधावर येऊन थांबली.

“पडदे वर करा. जल्दी. आज खरंच येणार हाय.”

“आज खरंच? मंग त्या दिवशी?”

आभाळ निरभ्र होतं. त्यानं रुमाल काढला, घाम पुसला, परत घडी केला.

“त्या दिवशी… खोटं सांगितलं होतं.”

“मला वाटलंच! कोणी पाठवलं होतं तुम्हाला?”

“कोणी न्हाई. तुम्हाला फोन करायचा होता… अन् वारा सोडून दुसरं कायबी कारण सुचलं न्हाई.”

संध्याच्या हातातला लाल दोऱ्याचा गुंडा खाली पडला.

“माझा प्लॉट गेला असता!”

“ठाऊक हाय. फोन ठेवला अन् तवापासून झोप न्हाई. हे सांगायचंच नव्हतं मला. पण ते खोटं होतं हे कबूल केल्याबिगर आजचं तुम्ही खरं कशाला मानसाल? उद्यापासून तोंड बघू नका माझं. पण आज पडदे वर करा.”

तिनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं, दुधाच्या मापाकडं बघायची तसं. खोटं पचवणारा माणूस असा घामाघूम होत नाही.

“वारा येईपर्यंत माशा कोण हाकलन?”

“मी.”

“एकबी बसली तर?”

“तर मला त्या खांबाला बांधा.”

पडदे वर गेले. वारा मात्र गायब. माशा आल्या, गुणगुणत, पाहुण्यांसारख्या. संघपाल दोन हातांत दोन टॉवेल घेऊन ओळींमधून धावत सुटला. एक माशी त्याच्या नाकाला डसली. नाक असं फुगलं, की चेहऱ्याच्या आधी नाकच वळणावर दिसायचं.

“काय गं,” बेबीनंदा म्हणाली, “हा वारा मोजणारा हाय का वरातीत नाचणारा?”

संध्या खळखळून हसली आणि तिची नजर खांबाकडं गेली. वर वाट्या मेल्यासारख्या थांबल्या होत्या.

“संघपाल… हेबी कारणच हाय का?”

तो थांबला नाही. नुसतं मान हलवून म्हणाला, “न्हाई.” आणि टॉवेल फिरवत राहिला. त्या एका शब्दात हसू नव्हतं. आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की टॉवेल रिकामाच फिरतोय. माशा गेल्या होत्या. सगळ्या. एकदम.

“आता धरा!” तो ओरडला.

वारा आला तो खिंड उपटायलाच आल्यासारखा. शेजारच्या बांधावर पुंजारामबाबांचा फेटा सुटला. एक टोक बाबांच्या हातात, दुसरं म्हणे जाफराबादच्या शिवारात. वाट्या इतक्या जोरात फिरल्या की दिसेनाशा झाल्या. बेबीनंदानं कोपऱ्याचा पाइप मिठीत धरला. मधला पाइप संध्यानं धरला होता आणि तोच संघपालनं. गारा पडायला लागल्या. बघता बघता शिवार पांढरं झालं, समोरचं काही दिसेना. तिचा हात गारठला तेव्हा त्याचा हात त्यावर आला… हलकेच, विचारल्यासारखा. तिनं काढून घेतला नाही. वारा मोकळ्या बाजूंनी आरपार निघून गेला. नेट उभं राहिलं.

गारा थांबल्यावर ती आत वाकून बघत होती. लाल दोरे जागच्या जागी होते.

“त्या दिवशी पडदे उघडलेच नव्हते मी,” ती पाठमोरीच म्हणाली.

“पण फोनवर तर…”

“खोटं बोलले. संशय होता तुमच्यावर.”

“अन् आता?”

“हाय अजून.”

तो हसला, सुजलेलं नाक सांभाळत, आणि भिजलेल्या मोटारसायकलवर निघून गेला.

प्लॉट पास झाला. पण शरमेनं म्हणा की शहाणपणानं, संघपालचा फोन यायचा बंद झाला. ग्रुपवर तेवढा कोरडा आवाज यायचा: “आज वारा शांत राहील.” संध्या ते चार चार वेळा ऐकायची. मग डोक्यात चक्र फिरायचं, दुसऱ्या कुणाच्या खिंडीत तर वारा मोजत नाही ना हा?

एका दुपारी, पान हलत नव्हतं तेव्हा, तिनं फोन लावला.

“इथं लई वारा सुटलाय. जल्दी या.”

“वारा?” तो म्हणाला. “माझ्या मोबाईलवर तर वाट्या हलूनबी न्हाई राह्यल्या.”

“मंग मशीन बिघडलंय तुमचं.”

“…किती जोराचा हाय?”

संध्यानं समोर बघितलं. देठाला बांधलेला लाल दोरा सरळ खाली लोंबत होता.

“उभं राहू देईना,” ती हळूच म्हणाली. “कोणीतरी पाइप धरायला पायजे…”

पलीकडं मोटारसायकलला किक बसल्याचा आवाज आला.

त्या दिवशी साऱ्या भोकरदन तालुक्यात धुळीचा एकच लोट उठला. वारा नसताना. आणि तो रस्त्यानं सरळ खिंडीकडं येत होता.